बिबट्याचा पंचनामा: शिरूरचा ऊस आणि पुण्यात लिहिलेले दोन अहवाल

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागलात आणि कोरेगाव भीमा मागे पडलं, की सणसवाडी येते. आज तिथून जाताना काय दिसतं? कारखान्यांची फाटकं, कंटेनरच्या रांगा, भाड्याच्या खोल्यांच्या इमारती, पाळी सुटली की रस्त्यावर येणारे शेकडो कामगार. जैवविविधता हा शब्द इथे कुणी उच्चारला तर लोक हसतील. पण महामार्ग सोडून शिरूर तालुक्यात आत शिरा, भीमा, घोड, कुकडी या नद्यांच्या अंगाने जा, म्हणजे डोक्याएवढा ऊस लागतो. आणि त्या उसात बिबट्या आहे. येऊन-जाऊन असणारा नव्हे, तिथेच जन्मलेला आणि तिथेच वाढलेला.

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल: एखाद्या प्रदेशातल्या जिवांचं काय करायचं, याचं धोरण सरकार आणि संशोधक मिळून कसं ठरवतात. पण आपल्याकडे या प्रश्नाला माणसं मेलेली आहेत, म्हणून तो रुक्ष राहत नाही. २००० ते २००३ या काळात, साधारण एकाच वेळी, पुणे आणि परिसरात दोन कामं चालू होती. एक प्रचंड मोठं, अख्ख्या देशाचं. दुसरं जुन्नर वनविभागापुरतं, लहानसं. दोन्हींतून अहवाल निघाले. मोठ्याचं काय झालं आणि लहानाचं काय झालं, ते आज बघू.

आधी जमिनीची गोष्ट, कारण तिच्याशिवाय बिबट्या समजत नाही.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. मधून भीमा वाहते, तीच बऱ्याच ठिकाणी दोघांची हद्द. धरणं येण्याआधीचा हा मुलूख म्हणजे बाजरी, ज्वारी, आणि मैलोन्मैल माळरान. त्या माळावर धनगरांच्या मेंढ्या, मेंढ्यांच्या मागावर लांडगा, गवतात चिंकारा आणि काळवीट. माळढोक हे पक्ष्याचं नावच सांगतं की तो कुठला. महसुलाच्या कागदात मात्र यातल्या कितीतरी जमिनीची नोंद 'पडीक' अशी झाली. म्हणजे जिच्यातून सारा येत नाही, ती पडीक. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पाणी आलं. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण झालं, पुढे कुकडी प्रकल्पातली धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, आणि तिकडे भीमेवर चासकमान. कालवे आले, उपसा सिंचन आलं, विहिरींना पाणी टिकायला लागलं. पाठोपाठ साखर कारखाने आले. दौंडात पाटसला भीमा, शिरुरात न्हावऱ्याला घोडगंगा. ज्या शेतात बाजरी चार महिने उभी राहायची तिथे ऊस बारा महिने उभा राहू लागला, आणि आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने. दाट, सावलीचा, ओलसर, आत माणूस फिरकत नाही असा.

आपण सगळे एक वाक्य वर्षानुवर्षं ऐकत आलोय: जंगल तोडलं म्हणून बिबट्या गावात आला. सह्याद्रीच्या पायथ्याला त्यात काही तथ्य असेलही. पण शिरूरला हे वाक्य लागू करून बघा. इथे तोडायला जंगल होतंच कुठे? इथे आपण बिबट्यासाठी जंगल लावलं. त्याला पाणी दिलं, खत दिलं, आणि दर हंगामात त्याची तोडणी करून परत वाढवलं. शिवाय शेताच्या कडेला वस्ती, वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला आणखी काय पाहिजे?

आता २००१ सालाकडे येऊ. वनखात्याच्या नकाशात शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो. नदीपलीकडचं दौंड पुणे वनविभागात. या जुन्नर विभागात त्याआधी बिबट्याने माणसावर हल्ला करण्याचे प्रकार घडत, पण सरासरी वर्षाला चार. लोकांची तक्रार आली की पिंजरा लावायचा, बिबट्या सापडला की त्याला दूर 'चांगल्या जंगलात' नेऊन सोडायचं, अशी पद्धत होती. ऐकायला किती छान! बिबट्या वाचला, गाव वाचलं, अधिकाऱ्यावरचा दबावही गेला. फेब्रुवारी २००१ पासून ही मोहीम जोरात सुरू झाली. त्या काळात जवळपासच्या जंगलांत २९ बिबटे सोडले गेले, पकडलेल्या जागेपासून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर.

आणि हल्ले वाढले. वर्षाला चारचे सतरा झाले. त्यातही, आधी शंभरातले अठरा हल्ले जीवघेणे असत, ते छत्तीस झाले.

हे आज आकड्यांत सांगता येतं. तेव्हा गावात फक्त एवढंच कळत होतं की काहीतरी भयंकर चाललंय. संध्याकाळी अंगणात खेळणारं मूल उचललं जात होतं. वनरक्षक गावात गेला तर त्याला घेराव. सर्वांचं म्हणणं एकच, बिबटे फार झालेत, आणखी पिंजरे लावा. म्हणजे ज्या औषधाने दुखणं वाढत होतं, त्याचाच डोस वाढवत होते.

अशा वेळी विद्या अत्रेय या वन्यजीव संशोधिका या भागात राहत होत्या. खोडदची ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, जीएमआरटी, तिथे त्यांचे पती खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम करत. त्या निमित्ताने हे कुटुंब नारायणगावच्या बाजूला आलेलं. (आकाशातल्या दीर्घिकांसाठी आलेल्या दुर्बिणीमुळे जुन्नरच्या बिबट्याला अभ्यासक मिळाली, हा योगायोग मला फार आवडतो.) त्यांच्यासोबत पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे आणि आणखी काही सहकारी होते. वनखात्याने त्यांना आपली दप्तरं उघडून दिली, हे महत्त्वाचं. कारण तिथेच खरा खजिना होता.

खजिना म्हणजे पंचनामे. शेळी मेली, वासरू गेलं, माणूस जखमी झाला, की नुकसानभरपाईसाठी वनपाल येतो, पंचनामा करतो. तारीख, गाव, जागा, वेळ, जनावर, पंचांच्या सह्या. हे कागद लिहिणाऱ्याने पैसे मंजूर व्हावेत म्हणून लिहिलेले असतात, विज्ञानासाठी नव्हे. पण वर्षानुवर्षांचे पंचनामे एकत्र मांडले, त्यांच्याशेजारी बिबटे कधी पकडले आणि कुठे सोडले याची नोंद ठेवली, की चित्र दिसायला लागतं. हल्ले सोडण्याच्या जागांच्या आसपास वाढलेले दिसत होते. खात्याच्या एका फायलीत प्रश्न होता आणि दुसऱ्या फायलीत उत्तर. दोन्ही एकत्र वाचायला कुणीतरी बाहेरचं लागलं.

असं का होत असेल? बिबट्या हा आपला इलाका पक्का ओळखणारा प्राणी. कुठे पाणी, कुठे कुत्री, कुठल्या वस्तीला बगल द्यायची, हे त्याला माहीत असतं. माणसांत राहूनही माणसाला न दिसता जगणं हेच त्याचं कसब. त्याला पिंजऱ्यात कोंडलं, बघ्यांच्या गर्दीत दिवसभर ठेवलं आणि अनोळखी जागी सोडलं, की ते सगळं ज्ञान निरुपयोगी. तो परत घराकडे निघतो, वाटेत नवी गावं, नवी माणसं. इकडे त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या भरून काढतो. म्हणजे गावात बिबट्या आहे तो आहेच, फक्त ओळखीचा जाऊन अनोळखी आला.

पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायला सुरुवात झाली आणि मग पुरावाच हाती आला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्याकडे माणसांवर हल्ले सुरू झाले, तिथे एक मादी पकडली गेली, तर चिप सांगते की ही आपल्या जुन्नरची. चिप नसती तर तीही 'यावलची नरभक्षक' म्हणूनच नोंदली गेली असती.

हा अहवाल २००४ च्या सुमारास तयार झाला. २००७ मध्ये अत्रेय आणि बेलसरे यांनी त्यावरून बिबट्या-माणूस संघर्ष कसा हाताळावा याची मार्गदर्शक पुस्तिका काढली, ती पुण्याच्या काटी ट्रस्टकडून. आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने, जयराम रमेश मंत्री असताना, देशासाठी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातला गाभा जुन्नरमध्ये शिकलेलाच: नुसता बिबट्या दिसला म्हणून पिंजरा लावू नका, पकडून दुसरीकडे सोडणं हा उपाय समजू नका, भरपाई लवकर द्या, प्रशिक्षित पथकं तयार ठेवा, गर्दीला आवरा. जुन्नरचे वनपाल आपल्या बॉलपेनने लिहीत होते ते पंचनामे असे दिल्लीपर्यंत गेले.

आता दुसरं काम, मोठं.

१९९२ मध्ये रिओला जैवविविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने १९९४ मध्ये तो मान्य केला. त्या कराराप्रमाणे प्रत्येक देशाने आपल्या जैवविविधतेचं राष्ट्रीय धोरण आणि कृती आराखडा करायचा असतो. बहुतेक देशांत हे काम कोण करतं? दोन-चार सल्लागार, एक वातानुकूलित खोली, सहा महिने. भारताने मात्र एक धाडसी गोष्ट केली. २००० मध्ये मंत्रालयाने या आराखड्याच्या तांत्रिक समन्वयाचं काम 'कल्पवृक्ष' या स्वयंसेवी संस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाला दिलं. कल्पवृक्ष १९७९ मध्ये दिल्लीत विद्यार्थ्यांनी सुरू केलेली, पुढे पुण्यात डेक्कन जिमखान्यावर रुजलेली संस्था. आशिष कोठारी हे तिच्या संस्थापकांपैकी. पैसा जागतिक पर्यावरण निधीचा, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत आलेला.

आणि यांनी ठरवलं की आराखडा वरून खाली न करता खालून वर करायचा. राज्यांचे वेगळे, काही जिल्ह्यांचे आणि छोट्या प्रदेशांचे वेगळे, पश्चिम घाटासारख्या अनेक राज्यांत पसरलेल्या प्रदेशांचे वेगळे, शिवाय शेती, आरोग्य, संस्कृती अशा विषयांचे वेगळे. मिळून सत्तरच्या वर आराखडे. त्यासाठी जनसुनावण्या झाल्या, सायकल यात्रा, शाळांतले कार्यक्रम, बियाण्यांच्या जत्रा झाल्या. तेव्हाच्या आंध्रात जहीराबादकडच्या दलित शेतकरी बायकांनी आपल्या देशी वाणांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली होती. हजारो माणसं त्या कामात गुंतली. सरकार आणि संशोधक यांच्या मध्ये शेतकरी, मेंढपाळ, वैदू यांनाही जागा देणारी अशी प्रक्रिया आपल्या देशात आधी झाली नव्हती.

२००३ च्या अखेरीस अंतिम अहवाल तयार झाला. मंत्रालयाने तो जाहीरच केला नाही.

आर्थिक विकासाच्या वाटेबद्दल, खाणी-धरणं-कारखान्यांना मिळणाऱ्या मंजुऱ्यांबद्दल, जमीन आणि पाणी यांच्या वापराचा निर्णय कुणी घ्यायचा याबद्दल अहवालात जी टीका होती ती खात्याला पचली नाही, असं माझं वाचन. कल्पवृक्षने वाट पाहून २००५ मध्ये तो स्वतः छापला. सरकारने आपला निराळा, छोटा आणि सौम्य राष्ट्रीय कृती आराखडा २००८ मध्ये मंजूर केला.

आता यावरून 'लहान काम चांगलं, मोठं वाईट' असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. जुन्नरचा अभ्यास खात्याने स्वीकारला, कारण त्याने खात्याचाच एक जाच सोडवला. अधिकाऱ्याला रोज घेराव पडत होता. हे करू नका, त्याने घेराव वाढतो, असं सांगणारा कागद त्याला हवाच होता. राष्ट्रीय आराखडा मात्र विचारत होता की माळरानावर कालवा नेण्याआधी, गायरानावर औद्योगिक क्षेत्र टाकण्याआधी, तिथे काय जगतं हे कुणी मोजलं का? हा प्रश्न वनखात्याच्या कक्षेतला नाही. तो पाटबंधारे, महसूल, उद्योग, सगळ्यांना लागू होतो. आणि ज्याला सगळ्यांनी उत्तर द्यायचं, त्याला कुणीच देत नाही. शिरूरच्या बिबट्याचं मूळ मात्र त्या दुसऱ्याच प्रश्नात आहे. ऊस कुठे, किती, कुणाच्या पाण्यावर, हे कुठल्या वनाधिकाऱ्याने ठरवलं नव्हतं.

जुन्नरच्या कामाला पुढे फळं आली, तीही सांगायला हवीत. शेजारच्या नगर जिल्ह्यात अकोल्याच्या खोऱ्यात अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. तिथे नावाला जंगल नाही, सगळी शेती, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं. तरी शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात सगळ्यात मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या ११ टक्के. म्हणजे उकिरड्यावर पोसलेली गावची मोकाट कुत्री हे बिबट्याचं मुख्य अन्न.

आणि 'आजोबा'. शिरूरच्या शेजारी पारनेर तालुका, तिथल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ मध्ये एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला, माळशेज घाटात सोडला. महिन्याभरात तो सव्वाशेक किलोमीटर चालून, कसाऱ्याकडे रेल्वेचे रूळ ओलांडून, महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत पोचला. या सगळ्या प्रवासात त्याने एका माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली मेला. सुजय डहाकेंचा 'आजोबा' सिनेमा त्याच्यावरचा, २०१४ चा.

पण या सगळ्यात माळरान राहिलं. बिबट्याला निदान भीतीमुळे का होईना, अभ्यासक मिळाले, निधी मिळाला, माणिकडोहला निवारा केंद्र मिळालं. लांडग्याला काय मिळालं? बारामतीत सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झालं, ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा त्या कुंपणाबाहेरही चरतो, आणि बाहेरची जमीन कागदोपत्री अजून पडीक. पडीक जमिनीवर काहीही करता येतं: एमआयडीसी, सौर पॅनल, नाहीतर खड्डे खणून त्यात झाडं. ही शेवटची गोष्ट तर जैवविविधतेच्याच नावाखाली होते. गवताळ माळावर वृक्षारोपण केलं की फोटो चांगला येतो आणि माळावरचा तापस, चंडोल, लांडगा बेघर होतो. अलीकडे पुणे वनविभागाने इंदापुरात कडबनवाडी आणि बारामतीत शिर्सुफळला गवताळ सफारी सुरू केली, गवत हीसुद्धा राखायची गोष्ट आहे असं सरकारी फलकावर आलं. मला हा बदल सफारीच्या तिकिटापेक्षा मोठा वाटतो.

गावपातळीवर कायद्याने सोय केलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमायची आणि लोक जैवविविधता नोंदवही करायची. ही कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मांडली, करूनही दाखवली. गावातल्या जाणत्याने सांगायचं, शिक्षकाने-विद्यार्थ्यांनी लिहायचं. वर्षानुवर्षं कुणी लक्ष दिलं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, नाहीतर राज्याला महिन्याला दहा लाख रुपये दंड. झालं! देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या, कित्येक ठिकाणी बाहेरच्या संस्थांना काम देऊन. शेजारच्या दोन गावांच्या वह्यांत झाडांची यादी त्याच क्रमाने, त्याच चुकांसह सापडते, असं अभ्यासकांकडून ऐकायला मिळतं. शिरूर-दौंडच्या गावांनी आपापल्या पंचायतीत जाऊन ती वही एकदा मागून बघावी. त्यात लांडगा आहे का? बिबट्या कोणत्या वर्षी पहिल्यांदा दिसला, ते लिहिलंय का? ते सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत.

आणि मग २०२५. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला, त्यात दोन लहान मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी जाळली. शेवटी एका बिबट्याला गोळी घातली. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं त्यांना चार आणि सतराची आकडेवारी सांगायला जाणारा माणूस निर्लज्जच म्हणायचा. पण पुढे जे ठरलं ते पाहू: मोठ्या प्रमाणावर पिंजरे, काही बिबटे बाहेर पाठवायची चर्चा, आणि केंद्राने जुन्नर भागापुरती मंजूर केलेली नसबंदीची चाचणी. नसबंदी हा नवा प्रयोग आहे, तो करून बघायला हरकत नसावी. मात्र किती माद्या होत्या, कुठल्या उसात होत्या, सोडल्यावर कुठे गेल्या, त्या शिवारातले पंचनामे वाढले की घटले, हे कुणीतरी सलग दहा वर्षं लिहावं लागेल. २००१ च्या मोहिमेत बिबटे हलवणारे हात भरपूर होते. दोन फायली शेजारी ठेवून वाचणारं कुणीतरी यायला दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत माणसं मेली.

गावकऱ्यांची एक मागणी मात्र वीसेक वर्षांत बदललेली नाही आणि तिला कुठल्याही शास्त्रज्ञाचा विरोध नाही: उसाला पाणी द्यायला रात्रीची लाइट नको, दिवसाची द्या. ती वनखात्याच्या हातात नाही, वीज कंपनीच्या हातात आहे.